शाळेखालचें देऊळ

इंग्लंडांतील कोल्चेस्टर शहरीं सेंट हेलेना नांवाची शाळा आहे. तिच्या आवारांत, मुलांच्या पायांखालीं, एका रोमन देवळाच्या खुणा आहेत: चौरस गाभारा, त्याभोंवतीं चहूंबाजूंनीं ओवरी, आणि सर्वांस वेढणारी आवाराची भिंत. शीपेन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागांत हॉक्स व हल या संशोधकांनीं १९३० पासून उत्खनन केलें व १९४७ सालीं त्याचा वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला.

देऊळ म्हटलें कीं विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें खांब उभे राहतात. येथें तसें कांहीं नाहीं. त्या प्रांतांत बांधकामाचा चांगला दगड दुर्मिळ. म्हणून पुढच्या पिढ्यांनीं रोमन इमारतींचे दगडविटा उपसून नेल्या. त्याच शहरांतील नॉर्मन किल्ल्यांत रोमन विटा आजही दिसतात. भिंत नेल्यावर मागें उरतो तो तिच्या पायाचा बुजलेला चर, आणि संशोधक भिंत ओळखतो ती त्यावरूनच.

मग सर्व आवार खणून कां पाहूं नये? माझ्या मतें न खणणेंच बरें. मातीचे थर म्हणजे वाचतां वाचतांच पुसली जाणारी पाटी. ते पुन्हां रचतां येत नाहींत. शाळेस नव्या खोल्या हव्यात, हें मी शिक्षक असून कसें नाकारूं? परंतु जेथें पाया घालावयाचा, तेवढीच जागा तज्ज्ञांनीं आधीं तपासावी. बाकीची तशीच राहूं द्यावी. आणि एखाद्या मुलास खापराचा तुकडा दिसला तर त्यानें तो खिशांत घालूं नये. (मुलांचे खिसे किती जड असतात, हें मातांस ठाऊक आहे!) तो कोणत्या थरांत, कशाशेजारीं पडला होता, हीच त्याची साक्ष.