फुकट घरपोच? भाडे कुणाच्या माथी?



जाधववाडीच्या बाजारातली पट्टी आपण वाचायला शिकलो: अडत, हमाली, तोलाई. वाचता आली म्हणून भांडता आले. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्यावरून काढून खरेदीदारावर टाकली. आता आपली पोरे मोबाईलवरून ज्वारी विकू लागली, तर तीच कपात ‘फुकट घरपोच’ असे गोंडस नाव घेऊन परत आली आहे.

हिशेब करा. मालदांडीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये. म्हणजे पाच किलो ज्वारी १८७ रुपयांची. पार्सलचे भाडे लागते वजनावर. साडी हलकी अन् महाग, ज्वारी जड अन् स्वस्त. साडीवाल्याला फुकट परवडेल, आपल्याला नाही. पार्सल परत आले तर त्याचेही भाडे बहुधा आपल्याच माथी.

गिऱ्हाईकाला दोष नको. बड्या कंपन्यांनी तोटा सोसून त्याला ही सवय लावली. पण सवय लावणार ते आणि भुर्दंड भरणार आम्ही, हे चालणार नाही.

आम्ही सांगतो: मालाचा दर वेगळा लिहा, भाडे वेगळे लिहा. गावाची पोती एका गाडीत भरा, शहरात एका जागी उतरवा. गिऱ्हाईक तिथून नेईल.

फुकट म्हटले तरी भाडे कुणीतरी भरतोच. तो कुणीतरी यापुढे शेतकरी नसेल!