खेकडा शू कुठून करतो?

दोस्तांनो, प्रश्न वाचून हसू आलं ना? हसा खुशाल, पण उत्तर येतंय का बघा!

आई किंवा आजी चिंबोऱ्या साफ करत असताना कधी जवळ बसला आहात? (आमचे मालवणचे दोस्त म्हणतील, चिंबोऱ्या कसल्या, कुर्ल्या म्हणा!) पाठीवरचं कवच उचललं की आत दोन्ही बाजूंना पिसांसारखे मऊ झुपके दिसतात. ते खायचे नसतात, म्हणून आई उपटून टाकून देते. हेच खेकड्याचे कल्ले. त्यांनी तो पाण्यातला प्राणवायू घेतो, हे तुम्हांला ठाऊक असेलच. पण हेच त्याचं न्हाणीघरही आहे, बरं का! तशी डोळ्यांजवळच्या मिशांच्या मुळाशी त्याला लघवीची दोन भोकं असतात. पण शरीरातला सगळ्यांत घातक कचरा बहुतेक कल्ल्यांतूनच बाहेर पडतो.

तो कचरा म्हणजे अमोनिया. एस.टी. स्टँडवरच्या मुतारीजवळून जाताना नाक दाबायला लावतो ना, तोच! अन्नातली प्रथिनं शरीरात वापरली गेली की अमोनिया तयार होतो. खेकड्याच्या शरीरात, तसाच तुमच्या-माझ्याही. तो विषारी असतो. म्हणून आपलं यकृत त्याचा युरिया बनवतं आणि मूत्रपिंडं तो लघवीवाटे बाहेर टाकतात. कबुतरं युरिक आम्ल बनवतात. खिडकीवरचे ते पांढरे डाग त्याचेच! पण या कामात शक्ती खर्च होते. खेकड्याच्या भोवती पाणीच पाणी. मग तो कशाला एवढा खटाटोप करील? तो अमोनिया तसाच पाण्यात सोडतो.

"हात्तिच्या! सोपं आहे की!" असं म्हणालात? थांबा. खरी गंमत पुढेच आहे.

खेकड्याच्या रक्तात अमोनियाच्या 100 कणांपैकी 95हून जास्त कणांना हायड्रोजनचा एक धन भार चिकटलेला असतो. अशा कणाला अमोनियम म्हणतात. आणि पेशीचं आवरण असतं स्निग्ध पदार्थाचं. तेलात मीठ विरघळत नाही, तसंच भार असलेल्या कणाला या आवरणातून सहज जाता येत नाही. मग आत जायला हवं दार. पेशीच्या आवरणात अशी दारं असतात आणि ती प्रथिनांची बनलेली असतात.

युरोपच्या किनाऱ्यावर एक हिरवा खेकडा राहतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या कल्ल्यांतली ही दारं शोधली. पहिलं दार रक्ताच्या बाजूला. तो आहे सोडियम-पोटॅशियम पंप. त्याचं नेहमीचं काम सोडियम पेशीबाहेर काढून पोटॅशियम आत घेण्याचं. पण अमोनियमचा आकार जवळजवळ पोटॅशियमएवढा! त्यामुळे दुसऱ्याच्या पासावर गाडीत चढावं, तसा अमोनियम आत शिरतो.

आता पेशीतून पाण्यात कसं जायचं? शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की पेशीत इवल्या इवल्या पिशव्या असतात. दुसरा एक पंप त्या पिशव्या आंबट ठेवतो. अमोनिया आत शिरला की त्याला हायड्रोजनचा भार चिकटतो आणि तो आतच अडकतो. मग या पिशव्या पेशीतल्या बारीक रुळांवरून बाहेरच्या कडेला जातात आणि रिकाम्या होतात. हे रूळ मोडणारं औषध दिल्यावर अमोनिया बाहेर पडणं खरोखरच कमी झालं!

आता विचाराल, एवढी यातायात कशाला? ओहोटी लागली की हा खेकडा खडकातल्या डबक्यात किंवा दगडाखाली अडकतो. तिथलं पाणी बदलत नाही, अमोनिया साठत जातो. बाहेर विष जास्त, आत कमी. नुसतं उघडं भोक असतं, तर तेच विष उलट आत आलं असतं! पण पंप शक्ती खर्चून विष बाहेर ढकलत राहतात आणि भरती येईपर्यंत खेकडा तग धरतो.

सगळ्यांत मोठी गंमत शेवटी! 2004 साली या खेकड्याच्या कल्ल्यांत 'आरएच' घराण्यातलं प्रथिन सापडलं. नाव ओळखीचं वाटतं? तुमच्या रक्तगटापुढचं 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' हे याच घराण्यातल्या एका प्रथिनावरून ठरतं. हे नाव पडलं ऱ्हीसस जातीच्या माकडावरून. या घराण्यातलं आणखी एक प्रथिन आपल्या मूत्रपिंडात असतं आणि ते अमोनियाच बाहेर नेतं. म्हणजे तुमचं आणि चिंबोरीचं लांबचं नातं निघालं की!

आता या नातेवाइकाची एक विनंती. समुद्रावर गेलात की छोटे खेकडे बादलीत पकडता ना? बादलीत भरती येत नाही. थोड्याशा पाण्यातला प्राणवायू संपत जातो आणि खेकड्याचं स्वतःचं विष वाढत जातं. पंप तरी किती वेळ झगडणार? म्हणून मनसोक्त पाहा, पाय मोजा आणि दहा-पंधरा मिनिटांत जिथून उचलला तिथेच सोडून द्या. घरी मात्र आणू नका.

आणि हो, पुढच्या वेळी चिंबोऱ्या आणल्या की आईकडून ते कल्ले मागून घ्या. बशीतल्या पाण्यात टाकून भिंगातून बघा. आणि शू कुठून करतो ते बाबांना विचारायला विसरू नका!