कारण : घरगुती अडचण



गेल्या आठवड्यात पाथर्डी तालुक्यातील एक मुलगी वडिलांना घेऊन आमच्याकडे आली. बी.एस्सी.चे पहिले वर्ष झालेले. दुसऱ्या वर्षाला नगरच्या कॉलेजात जायचे आहे, तेवढा अर्ज लिहून द्या, म्हणाली. (जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडी मात्र नगरच.) वडील गवंडीकाम करतात. कारण काय लिहू, असे विचारताच ते म्हणाले, "लिहा, घरगुती अडचण." मुलगी खाली बघत बसली.

घरगुती अडचण! आपल्या किती पोरांच्या अर्जांवर हे दोन शब्द असतील. आम्ही पेन खाली ठेवले. चहा झाला, मग पोर बोलू लागली. प्रॅक्टिकल पाचला सुटते आणि गावाची शेवटची एस.टी. त्याआधीच जाते, हे एक कारण. ते चारचौघांत सांगता येते. दुसरे निघायला वेळ लागला. शिष्यवृत्तीची यादी फलकावर लागली, नावापुढे प्रवर्ग. प्रॅक्टिकलला जोडीला असणारी मैत्रीण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टेबलावर गेली. शिवी नाही, भांडण नाही. डबा मात्र तेव्हापासून एकटीने खायचा.

आम्ही लागलो उपदेश करायला. "पोरी, एल्फिन्स्टन हायस्कूलात बाबासाहेब फळ्याकडे निघाले तेव्हा मुलांनी फळ्यामागचे आपले डबे धावत जाऊन उचलले होते. त्यांनी शाळा सोडली का? 1907 साली तिथूनच मॅट्रिक झाले!"

ती म्हणाली, "काका, पण त्या शाळेत ते आले कुठून?"

आम्ही गप्प. मुंबईत बाबासाहेब आधी मराठा हायस्कूलमध्ये होते. सुभेदार रामजींनी शिक्षण चांगले मिळावे म्हणून त्यांना तिथून काढून एल्फिन्स्टनमध्ये घातले. हे आम्ही भाषणांतून किती वेळा सांगितले असेल, पण त्यातली शाळाबदल कधी ध्यानात घेतली नाही! पुढे 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडन सोडावे लागले. तेव्हा चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. म्हणून 1920 मध्ये परत जाता आले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाली.

कागदावरून पालकांना एक सांगायचे आहे. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत अशी तरतूद आहे, की शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. तेव्हा टी.सी. काढण्याआधी समाजकल्याण कार्यालयात जावे, तोंडी होकारावर विसंबू नये. वसतिगृहाचा अर्जही लगेच भरावा, आणि तिथे नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेची चौकशी करावी.

शेवटी अर्ज दोन झाले. बदलीच्या अर्जात एस.टी.ची वेळ लिहिली. दुसरा अर्ज प्राचार्यांच्या नावे, त्यात यादी आणि प्रॅक्टिकलचे टेबल. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 साली अशा तक्रारींसाठी कॉलेजात अधिकारी नेमण्याचा नियम केला, तोही त्यात घातला. वडील कचरले. "साहेब, टी.सी. अडवली तर? तो दुसरा मागाहून देऊ." मुलगी म्हणाली, "मागाहून मी तिथे नसेन. माझ्या मागून येणारी बसेल त्या टेबलावर."

वडिलांनी बदलीच्या अर्जावर सही केली. दुसऱ्यावर तिने एकटीनेच केली. सोमवारी दोघे कॉलेजात जाणार आहेत, आम्हालाही बरोबर बोलावले आहे.