अंगणवाडीला अंगण परत मिळावे

वर्धा नदीच्या तीरावरील कौंडण्यपूरला महाराष्ट्राने रुक्मिणीमातेचे माहेर मानले आहे. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील या गावातून आषाढी वारीसाठी पंढरपूरला जाणाऱ्या पालखीची परंपरा १५९४ पासूनची सांगितली जाते. वारीला निघालेल्या माणसाची घरच्यांना काळजी असते, पण धास्ती नसते. पालखी कोणत्या वाटेने जाणार, आज मुक्काम कोठे, उद्या कोठे, हे घरातल्या म्हातारीलाही पाठ असते. चालणारा दूर असला तरी त्याची वाट घराला माहीत असते.

त्याच गावातून, आणि वऱ्हाडातील प्रत्येक गावातून, रोज सकाळी आणखी एक लहानशी वारी निघते. तीन-चार वर्षांची मुले अंगणवाडीत किंवा बालवाडीत जातात आणि दुपारी परत येतात. ‘आज काय केलं रे?’ असे आईने विचारले, तर ‘खिचडी खाल्ली’ एवढे एकच उत्तर मिळते. मुलाचे वय पाहता त्यात वावगे काही नाही. परंतु त्या दोन-तीन तासांत मूल कोणते गाणे शिकले, कोणती गोष्ट ऐकली, कशात रमले आणि कोठे अडले, हे घराला सांगणारे दुसरे कोणी नसते. मुलाची ही वाट घराला ठाऊक नाही. प्रश्न किरकोळ वाटतो, पण एका पिढीचा पाया कोठे आणि कसा घातला जातो, हे त्यावरच ठरते.

‘अंगणवाडी’ या शब्दाचा जन्म या संदर्भात आठवावा असा आहे. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांच्या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९४५ मध्ये ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गावातील वंचित वस्त्यांमधील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसताच या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. या योजनेचा एक लाभ फारसा बोलला जात नाही. अंगणाला भिंती नसतात. भाकरी थापणारी आई, दारात बसलेली आजी, पाणी भरून येणारी शेजारीण, या साऱ्या जणी आपले मूल काय करते आहे ते डोळ्यांनी पाहत होत्या. पालकांना वेगळे कळवण्याची गरजच नव्हती. जेथे पालक असे समोर नव्हते तेथे ताराबाईंनी लेखणी हाती घेतली. ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक त्यांनी वर्षानुवर्षे चालवले ते शिक्षकांइतकेच पालकांसाठी. घराचे प्रबोधन झाल्याविना बालशिक्षण अपुरे आहे, अशी त्यांची दृढ धारणा होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. महाराष्ट्रात तिच्या आरंभीच्या प्रकल्पांत आपल्याच जिल्ह्यातील मेळघाटच्या धारणीचा समावेश होता. आज राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. कुपोषणाशी झुंजताना या व्यवस्थेने केलेले काम कोणीही नाकारणार नाही. मात्र या प्रवासात अंगण मागे पडले. इमारत आली, भिंती आल्या, नोंदवह्या आल्या आणि २०२१ पासून भ्रमणध्वनीवर भरायचा ‘पोषण ट्रॅकर’ही आला. मुलाचे वजन किती, उंची किती, हे आज दिल्लीला कळते. मूल काय शिकले, हे मात्र चार घरे पलीकडे राहणाऱ्या त्याच्या आईला कळत नाही. पूर्वशालेय शिक्षण ही या योजनेच्या सहा सेवांपैकी एक आहे, याचीच अनेक पालकांना कल्पना नाही. त्यांच्या लेखी अंगणवाडी म्हणजे आहार मिळण्याची जागा.

या अज्ञानाची किंमत मोठी आहे. पालकाला जे दिसते त्यावरच तो विश्वास ठेवणार. खासगी इंग्रजी वर्गातील मूल महिनाभरात वहीत एबीसीडी गिरवून आणते. ती वही पाहुण्यांना दाखवता येते. अंगणवाडीतील मूल तुरीचे आणि ज्वारीचे दाणे वेगळे करते, मणी ओवते, गोष्ट ऐकून पुन्हा सांगते. यातले वहीत काहीच उतरत नाही. दाण्यांची वर्गवारी म्हणजे गणिताची पूर्वतयारी, मणी ओवणे म्हणजे पेन्सिल धरणाऱ्या बोटांची तयारी, आणि घरच्या वऱ्हाडी बोलीत सांगितलेली गोष्ट म्हणजे पुढच्या सर्व वाचनाची शिदोरी. हे पालकाला कोणी सांगितलेच नाही, तर तो ‘तिथे नुसते खेळवतात’ असेच म्हणणार. मग पोटाला चिमटा घेऊन तो फी भरतो आणि ज्याची बोटे अजून पक्की झालेली नाहीत, ज्या घरात इंग्रजीचा गंध नाही, अशा चिमुकल्याला परभाषेच्या ओळी गिरवायला बसवतो. त्याला दोष देणे सोपे आहे. दोष माहिती न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

शासनाच्या कागदांवर याची जाण नाही असे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेच्या माध्यमाचा आग्रह धरला आणि प्रगतिपुस्तक हा घर व शाळा यांना जोडणारा दुवा असावा, असे म्हटले. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पंचकोशांची भारतीय संकल्पना मांडली. २०२४ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने ३ ते ६ वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. ही दिशा स्वागतार्ह आहे. तथापि एक उणीव राहिली आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे बंधन घातले. पण तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा. त्याआधीच्या तीन वर्षांत, जेव्हा मूल सर्वाधिक घडते, तेव्हा पालकाच्या सहभागाला असे भक्कम कायदेशीर अधिष्ठान नाही.

सगळा भार अंगणवाडी सेविकेवर टाकणे अन्यायाचे होईल. आहार, लसीकरण, सर्वेक्षण, नोंदी सांभाळून ती शिकवते. डिसेंबर २०२३ पासून राज्यातील सेविका-मदतनीस कित्येक आठवडे संपावर होत्या, त्यामागील व्यथा समाजाने समजून घेतली पाहिजे. तिच्यापुढे आणखी एक नोंदवही ठेवून हा प्रश्न सुटणार नाही. मुलांना गुण देऊन एकमेकांशी तुलना करणारा कागद तर मुळीच नको. हवा आहे तो साधा संवाद.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. अंगणवाडीच्या दाराबाहेर एक फळा असावा आणि त्यावर दर सोमवारी चारच ओळी असाव्यात : या आठवड्याचे गाणे, गोष्ट, खेळ आणि घरी करून पाहण्यासारखी एक गोष्ट. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सेविकेने किंवा गावातील एखाद्या शिकलेल्या मुलीने तेच बोलून भ्रमणध्वनीवर पाठवावे. महिन्यातून एकदा पालकांची बैठक व्हावी. मात्र कापूस वेचणीच्या दिवसांत ती भरदुपारी बोलावली, तर रिकाम्या सतरंज्यांखेरीज कोणी येणार नाही. ती सायंकाळी, मंदिराच्या सभामंडपात, भजनापूर्वी अर्धा तास व्हावी. बाप आणि आजोबाही तिला यावेत. मूल एकट्या आईचे नसते. महिन्यातून एक दिवस अंगणवाडी खरोखरच एखाद्याच्या अंगणात भरवावी, म्हणजे पाहणाऱ्यांना वेगळे काही सांगावे लागणार नाही.

हा संवाद एकतर्फी असू नये. घरानेही शाळेला सांगावे. आजीला येणाऱ्या ओव्या, बडबडगीते, पोळ्याच्या आणि भुलाबाईच्या गाण्यांचा ठेवा कोणत्याही संचात मिळणार नाही. आजी महिन्यातून एकदा अंगणवाडीत गोष्ट सांगायला गेली, तर मुलाला भाषा मिळेल आणि आजीला मान. विद्या भारतीच्या शिशुवाटिकांत मातांचे प्रबोधन हा शिक्षणाचाच भाग मानला जातो, तो याच विचाराने. संस्कार हा शाळेने द्यावा आणि घराने घ्यावा असा जिन्नस नव्हे. तो दोन्हीकडून जुळला तरच टिकतो.

येथे कार्यकर्त्यांचे कर्तव्य सुरू होते. कुटुंब प्रबोधनाविषयी आपण खूप बोलतो. आपल्या वस्तीतील अंगणवाडीची पायरी आपल्यापैकी किती जण चढले आहेत? आपली मुले खासगी वर्गात जातात म्हणून ती अंगणवाडी आपली नाही, असे समजणारा मध्यमवर्ग समरसतेची भाषा कोणत्या तोंडाने बोलणार? आणि ज्या खासगी वर्गाची घसघशीत फी आपण भरतो, तेथे तरी मूल काय शिकते हे आपण विचारतो काय? की स्नेहसंमेलनातील पोशाख पाहून समाधान मानतो? प्रत्येक शाखेने, प्रत्येक महिला मंडळाने एक अंगणवाडी आपली मानावी. फळा द्यावा, खडू द्यावा, सेविकेची विचारपूस करावी आणि बैठकीच्या दिवशी चार घरी जाऊन पालकांना सोबत घेऊन यावे. तपासनीस म्हणून जाऊ नये, शेजारी म्हणून जावे.

कौंडण्यपूरच्या कन्येने आपले मनोगत निरोप धाडून द्वारकेला कळवले, ही कथा वऱ्हाडातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. तीन वर्षांचे मूल असा निरोप धाडू शकत नाही. त्याच्या वतीने तो घरापर्यंत पोहोचवणे हे मोठ्यांचे काम आहे, आणि त्याचा आरंभ येत्या सोमवारी एका फळ्यावरील चार ओळींनी होऊ शकतो.