हरमची थंड फरशी आणि आपला संगमरवर

हज-उमरा करून आलेली मंडळी एक गोष्ट हमखास सांगतात. भर दुपारी डोक्यावर ऊन तापलेले असते, पण तवाफ करताना अनवाणी पाय पोळत नाहीत. मग कुणीतरी म्हणतेच, फरशीखाली गार पाण्याच्या नळ्या आहेत. तसे काही नाही, हा गुण दगडाचाच आहे. तो शुभ्र संगमरवर ग्रीस देशातल्या थासोस बेटावरून आणलेला आहे. तो ऊन शोषण्यापेक्षा परतवतो जास्त, आणि लाद्याही चांगल्या 5 सेंटिमीटर जाडीच्या आहेत.

हे आठवण्याचे कारण असे की, गावोगावच्या जमातींना आता मशिदीचे अंगण संगमरवरी करण्याची हौस आली आहे. दुकानदार "हरमसारखी फरशी" म्हणतो आणि चंद्याचे पैसे मोजले जातात. हे पैसे कुणाच्या तरी मजुरीतून, कुणाच्या पेन्शनीतून आलेले असतात. म्हणून मुतवल्ली साहेबांनी दोन प्रश्न जास्त विचारले तर बिघडत नाही.

पहिला प्रश्न, खाण कुठली? "किशनगढचा मार्बल" हे उत्तर अपुरे आहे. किशनगढ ही दगडाची मोठी बाजारपेठ आहे, तिथे देशोदेशीचा माल येतो. मकराना मात्र खरोखर खाणीचे गाव आहे, राजस्थानातच. ताजमहालाचा दगड तिथलाच. तो घट्ट असतो, पाणी कमी पितो. राजसमंदकडचा पांढरा दगड स्वस्त पडतो आणि घराघरांत तोच दिसतो. पण त्यात लोहाचा अंश असला की ओल लागून पुढे पिवळट डाग उमटतात. गुजरातचा अंबाजी पांढरा, करड्या छटांचा. उदयपूरजवळच्या केसरियाजीचा हिरवा "मार्बल" तर खऱ्या अर्थाने संगमरवर नाहीच, तो वेगळ्याच जातीचा खडक. इटलीचा करारा नावाजलेला आहे, पण "इटालियन" हा शब्द आपल्याकडे बऱ्याचदा फक्त भाव वाढवायला वापरतात, असे आमचे मत आहे.

आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. म्हणूनच औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यासाठी संगमरवर जयपूरकडच्या खाणींतून आणावा लागला. सुरतेहून गोवळकोंड्याला निघालेल्या ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने या दगडाने लादलेल्या 300 हून अधिक गाड्या वाटेत पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. तरीही संगमरवर पुरला तो घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला. बाकी सगळा चुन्याचा गिलावा, आणि तो इतका सफाईदार की पाहणाऱ्याला पटकन फरक कळत नाही. ज्या औरंगजेबाच्या बेगमेची ही कबर, त्याची स्वतःची खुलताबादची कबर उघड्या आभाळाखाली, मातीची. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरच्या काळातली आहे.

दुसरा प्रश्न, फरशी कुठे बसवायची? संगमरवर म्हणजे जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने पालटलेला चुनखडक. आम्ल त्याला खाते. त्यामुळे स्वयंपाकाच्या ओट्यावर लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडले की चकाकी गेलीच. तिथे ग्रॅनाइट बरा. संडास-बाथरूमची ॲसिडची बाटली तर संगमरवराजवळ फिरकू देऊ नये. पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके पुरते. वुजूखान्यात गुळगुळीत पॉलिशचा दगड बसवणे आम्हांला मुळीच पसंत नाही. ओल्या पायांनी म्हातारी माणसे घसरतात आणि खुब्याचे हाड मोडले की अंथरूण धरतात. तिथे खडबडीत शहाबादी किंवा बिनपॉलिशचा कोटा घालावा. तो स्वस्तही पडतो. उरलेल्या पैशांत नळाजवळ बसायला ओटे आणि धरायला कठडा होतो.




माल घेण्याआधी एक तुकडा मागून घ्यावा, रात्रभर पाण्यात ठेवावा, सकाळी डाग आणि रंग पाहावा. आणि अंगणासाठी असेल तर तोच तुकडा दुपारी जोहरच्या वेळी उन्हात ठेवून त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहावा.