कामानं दमतो, पण हलतो किती?

मैत्रिणींनो, ‘दिवसभर राबणाऱ्या बाईला वर आणखी व्यायाम कशाला?’ हे वाक्य मी बचत गटाच्या बैठकीत इतक्यांदा ऐकलंय, की आज त्यावरच लिहायचं ठरवलं. पहाटे पाचला उठायचं. पाणी, डबे, धुणंभांडी उरकायची. मग शाळा, अंगणवाडी, दुकान, बँक, नाहीतर शिलाई मशीन. रात्री दहाला पाठ टेकायची. अशा बाईला ‘रोज चालायला जा’ सांगणारी माझ्यासारखी बाई आगाऊच वाटणार! पण दमणं वेगळं आणि हालचाल वेगळी. आपलं दमणं होतं तेवढंच राहिलं, हालचाल मात्र वर्षागणिक कमी होत गेली.

शिवणकामाचंच बघा. आमच्या लोह्यात कितीतरी घरी ब्लाऊज, फॉल-पिकोवर संसाराला हातभार लागतो. पूर्वी मशीन पायानं चालायची. मग मोटर बसली. काम वाढलं आणि पाय थांबले. मान आखडते, पाठ दुखते, डोळे चुरचुरतात, म्हणजे दमणूक अगदी खरी. पण बाई चार-चार तास जागची उठत नाही. शेतातही तणनाशक आलं तशी खुरपणी कमी झाली. अंगणवाडीतल्या ताईंचं निम्मं काम मोबाइलवर गेलं. घरी नळ आला, मिक्सर आला. आले ते चांगलंच झालं, पाट्या-वरवंट्याचे दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही!

बसून काम केल्यानं काय होतं, हे फार पूर्वी दिसून आलंय. लंडनच्या दुमजली बसमधल्या कामगारांवरचा डॉ. जेरी मॉरिस यांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. बस एकच, रस्ता एकच. पण बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला.

आता यात वय मिसळा. चाळिशी उलटली, पाळी जायची वेळ जवळ आली, की बाईच्या अंगावरची चरबी पोटाकडे सरकायला लागते. आपल्याकडे याला ‘बाळंतपणाचं पोट’ किंवा ‘अंगानं भरली, सुखात आहे’ म्हणतात. डॉक्टर मात्र पाच गोष्टी बघतात: कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी आणि चांगलं कोलेस्टेरॉल. या पाचांपैकी तीन बिघडल्या तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. म्हणजे मधुमेह आणि हृदयविकार दोघांनाही दार उघडं. गंमत अशी, की यातलं काहीच दुखत नाही. दुखत नाही म्हणून आपण दवाखान्यात जात नाही.

‘मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्या मैत्रिणींनी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम ऐकावं. त्यांचा आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण मित्राच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के! हातपाय काडीसारखे आणि चरबी आतल्या आत, अशी आपली भारतीय ठेवण. म्हणून आपल्यासाठी मापही कडक: बाईची कंबर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवी. पुरुषांची ९०.

या मापाला पैसे लागत नाहीत. शिवणाऱ्या मैत्रिणीच्या गळ्यात टेप दिवसभर लोंबकळत असतो. गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या वहीत आहेत, तिचं स्वतःचं मात्र नाही. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप आवळून न धरता मोजायचं. पोट आत ओढायचं नाही, तिथं कुणी फोटो काढत नाही!

तिशीनंतरच्या प्रत्येकीसाठी आशाताईंकडे सरकारी फॉर्म असतो. वय, तंबाखू, कंबर, आठवड्याचा व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, याला गुण देतात. बेरीज चारच्या वर गेली की तपासणी आधी. फॉर्म चांगला आहे. पण आपणच लाजतो आणि ‘लिही गं काहीतरी’ म्हणून मोकळ्या होतो. त्या ‘काहीतरी’चा काय उपयोग? मिश्रीही लपवू नका, तिलाही त्यात गुण आहेत.

राहिला वेळेचा प्रश्न. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० पासून त्यांनी सलग दहा मिनिटांची अटही काढून टाकली. म्हणजे पाच मिनिटंसुद्धा जमेत धरायची. भाजीला गाडीवर मागं बसून जाऊ नये, मशीनवरून तासाला उठावं, एवढं जमण्यासारखं आहे. मात्र सगळा भार बाईच्याच इच्छाशक्तीवर टाकणं मला पटत नाही. सकाळी अर्धा तास ती बाहेर पडायची, तर चहा दुसऱ्या कुणीतरी ठेवायला हवा. घरातल्या पुरुषाचेही हात चालू देत की!

आणि चालायचं कुठं? नांदेड-लातूर रस्त्यावर पहाटेच्या अंधारात ट्रकच्या कडेनं? पुरुष जातात, त्यांना कुणी ‘कुठं निघालात’ विचारत नाही. गावातली शाळांची मैदानं सकाळी कुलपात असतात. पाच ते साडेसहा एवढा वेळ फाटक उघडावं आणि एक दिवा लावावा, असा अर्ज आमच्या गटानं तयार केलाय. सह्या घेत फिरतोय. पायीच.