झाड लावायचे तर आपल्या डोंगराचे लावा

पावसाळा तोंडावर आला की झाडे लावण्याची हाक दरवर्षी दिली जाते. वनमहोत्सवाची प्रथा १९५० पासून चालू आहे आणि त्यात आमचे व्यापारी व कारीगर बांधवही मागे राहत नाहीत. कोणी रोपे देतो, कोणी जाळ्या देतो, कोणी पाण्याचा टँकर. पण झाड कोणते लावायचे, हा सवाल आम्ही फारसा विचारत नाही. कापड घेताना आम्ही सूत, पोत, पन्हा आणि रंग पाहतो. झाड घेताना ते हिरवे आहे एवढेच पाहतो.

ही चूक आम्ही स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी मोहल्ल्यातील मोकळ्या जागेत लवकर सावली हवी म्हणून आम्ही सुबाभूळ आणि गुलमोहर लावले. सुबाभळीचे बी इतके पसरले की दर पावसाळ्यात तिची रोपे उपटण्याची मजुरी आम्हाला भरावी लागते. गुलमोहराच्या फांद्या वळिवाच्या वाऱ्यात पत्र्यांवर पडल्या. स्वस्त माल महाग पडला.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, सुबाभूळ आणि गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडची, नीलगिरी ऑस्ट्रेलियाची. परदेशी म्हणून त्यांच्याशी आमचे वैर नाही. आमच्या रश्श्यातील मिरचीही अमेरिकेतूनच आली. पण इथल्या पाखरांचे आणि किड्यांचे जगणे हजारो वर्षांत ज्या झाडांशी जुळले, ती ही झाडे नव्हेत. उंबराचेच पाहा. त्याची फुले फळाच्या आत असतात आणि एक विशिष्ट इवलासा कीटक आत शिरल्याशिवाय त्यात बी धरत नाही. वडाचा कीटक वेगळा, पिंपळाचा वेगळा. ही फळे हरियाल, म्हणजे आपल्या राज्याचा पक्षी, आवडीने खातो. झाड गेले की कीटक जातो, कीटक गेला की फळ जाते, आणि फळ गेले की पाखरू उपाशी राहते.

पाखरांची फिकीर दुकानदाराने कशाला करावी, असे कोणी विचारील. त्यांना आम्ही जमाखर्चाच्या भाषेतच सांगतो.

आमचा धंदा कापडाचा. नैसर्गिक रंगकामात सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात. हिरड्यातील तुरट द्रव्यामुळे रंग धाग्याला धरून बसतो. कच्छमधील आमचे खत्री बांधव अजरख छापतात, त्यातही कापडाला आधी हिरडा लागतो. त्या अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या जिल्ह्याच्या कोल्हापुरी चपलेला ते २०१९ मध्ये मिळाले, आणि त्या चपलेचे कातडे जुन्या रीतीने कमावतात ते बाभळीच्या सालीने व हिरड्याने. हा हिरडा शाहूवाडीच्या डोंगरात उगवतो आणि वाड्यावस्त्यांवरची माणसे तो गोळा करून विकतात. पिंजारी बांधवांनी उशांत भरलेला मऊ कापूस काटेसावरीचा. अत्तारवाल्यांचा बकुळ, सोनचाफा आणि केवडा. बागवानांचे जांभूळ, फणस आणि करवंद. मय्यतीच्या गुस्लाच्या पाण्यात बोरीची पाने घालण्याची रीत आहे. पण कब्रस्तानात आम्ही लावतो तो पांढरा चाफा, जो मूळचा अमेरिकेतला. बोर मात्र शोधत फिरावी लागते.

म्हणजे ज्या झाडांवर आमच्या कित्येक धंद्यांची बरकत होती, तीच आम्ही आमच्या अंगणातून घालवली.

यावर काही बांधव म्हणतात, आपली झाडे सावकाश वाढतात. बकुळ आणि हिरड्याबाबत हे खरे आहे. पण करंज, जांभूळ आणि काटेसावर चांगल्या वेगाने वाढतात. काटेसावरीला काटे असतात, तेव्हा ती दुकानापुढे नको, मैदानाच्या कडेला शोभेल. फुलली की साळुंक्या आणि खारी तिच्यावर गर्दी करतात. दुकानापुढे बहावा किंवा तामण लावावा. तामण हे आपल्या राज्याचे फूल आहे. परसात लिंबू, बेल, कढीपत्ता असेल तर फुलपाखरे तिथे अंडी घालतात, आणि घरच्या स्वयंपाकालाही उपयोग होतो.

माहिती हवी असेल तर ती लांब नाही. मालासाठी कोल्हापूरला जाणे होतेच. तिथे शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात पश्चिम घाटातील दुर्मीळ झाडे-वेली जोपासल्या आहेत. याच विद्यापीठातून डॉ. यादव व डॉ. सरदेसाई यांनी २००२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चांदोलीचे जंगल २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेले, त्याचा डोंगर आपल्या तालुक्याला लागून आहे. दुनिया ज्या झाडांची किंमत करते ती आपल्या बाजारपेठेत दिसू नयेत, याची खंत वाटते.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपरिषदेने आणि महापालिकेने समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. मलकापुरात काय आणि कोल्हापुरात काय, व्यापाऱ्यांनी त्या नोंदवहीची चौकशी करावी. कोणत्या झाडाचे काय विकले जाते, पूर्वी काय येत असे आणि आता काय येत नाही, हे आमच्या वडीलधाऱ्यांइतके कोणाला ठाऊक असणार? ती माहिती त्यांच्याबरोबर मातीत जाण्याआधी लिहून घेतली पाहिजे. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याच्या रुंदीकरणात कडेची जुनी झाडे गेली. त्या बदल्यात कोणती लावणार, हेही लेखी अर्ज करून विचारावे.

उभा गुलमोहर तोडा, असे आम्ही सांगत नाही. तो सावली देतो, देऊ द्या. तो पडला की त्या जागी आपले झाड लावा. नर्सरीत जाण्याआधी यादी घरी करा, नाहीतर समोर असेल ते रोप हातात दिले जाते. आणि लावलेल्या झाडाला तीन उन्हाळे पाणी घाला.

आम्ही पन्नाशी ओलांडली आहे. आज लावलेला हिरडा भरपूर फळेल तेव्हा दुकानाच्या गादीवर बहुधा दुसरे कोणी बसलेले असेल. सदका-ए-जारिया म्हणतात ते यालाच. यंदाच्या पावसात आम्ही मोहल्ल्यात दोन हिरडे, एक बोर आणि एक बकुळ लावणार आहोत. ज्यांना सोबत यायचे आहे त्यांनी खड्डे आताच खणून ठेवावेत.